सासूबाईंसाठी घेतलेला वजनकाटा, दहा महिने रोज वापरून लिहितेय

काटा ११९० रुपयांना पडला, इंदूरला एमवाय हॉस्पिटलकडे सर्जिकलची दुकानं आहेत त्यातल्या एकातून, डिसेंबरच्या सुरुवातीला. आता सप्टेंबर संपत आलाय म्हणजे दहा महिने झाले आणि रोज सकाळी वापरलाय, मधे देवासला लग्नाला चार दिवस गेलो तेव्हासुद्धा पिशवीत घालून नेला. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण नणंदेला तेच मॉडेल हवं होतं तर दुकानदार म्हणाला ते बंद झालं आता नवीन आलंय, त्यामुळे नावापेक्षा काय बघून घ्यायचं ते सांगितलेलं जास्त कामाचं. ज्यांच्या घरी हार्टचे पेशंट आहेत, विशेषतः सत्तरीच्या पुढचे, त्यांच्यासाठी लिहितेय, वजन कमी करायचंय म्हणून काटा शोधणाऱ्यांना यातलं फारसं उपयोगाचं नाही.

आम्ही सुदामा नगरला राहतो. सासूबाई, त्यांना मी आईच म्हणते, ७८ वर्षांच्या. बीपी पंचवीस-एक वर्षांपासून, शुगर दहा-बारा वर्षांपासून आणि गुडघे. मागच्या दिवाळीत घरभर पाहुणे, चिवडा शेव चकली चार दिवस चालूच, आणि कामाने गुडघे धरले म्हणून मेडिकलवरून आणलेली पेनकिलरची गोळी सकाळ-संध्याकाळ, ती आठ-दहा दिवस चालली. संध्याकाळी पाय सुजायचे, आम्ही म्हटलं उभं राहून राहून सुजले असतील. आधी एक उशी, मग दोन, मग तीन, आई म्हणायच्या आडवं पडलं की घशाशी येतं, तर आम्ही पाण्यात फसफसणारी अॅसिडिटीची पावडर दिली. आणि मग एका रात्री दोन वाजता मला आवाज आला म्हणून गेले तर त्या खिडकीचे गज धरून उभ्या, थंडीचे दिवस आणि कपाळावरून घाम, बोलता येत नव्हतं, नुसता हात हलवून हवा हवा अशी खूण करत होत्या.

हॉस्पिटलमध्ये सहा दिवस. फुफ्फुसात पाणी झालं होतं. भरती केलं तेव्हा वजन ७३.१, लघवीची इंजेक्शनं देऊन देऊन घरी सोडलं तेव्हा ६८.६. साडेचार किलो कमी आणि चरबीचा एक ग्रॅम त्यात नाही, सगळं पाणी. आमची देवघरातली पितळेची कळशी आहे ना, ती अर्धी भरेल एवढं पाणी बाई अंगात घेऊन पाहुण्यांना फराळाच्या ताटल्या देत फिरत होत्या.

आणि ते पाणी काही त्या रात्री आलेलं नव्हतं. दोन आठवडे तरी जमत असणार. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, इतकं सरळ आहे ते. पायावर सूज दिसायला, धाप लागायला, उशा वाढायला वेळ जातो आणि म्हाताऱ्या माणसाला धाप लागली की आपण वय झालं म्हणतो, पण काट्याला तिसऱ्या-चौथ्या दिवशीच कळलं असतं. घरी काटा नव्हता. हे मला फार लागून राहिलं म्हणून हे सगळं लिहितेय.

डिस्चार्ज पेपरवर इंग्रजीत लिहिलं होतं हार्ट फेल्युअर. ग्वाल्हेरच्या आत्यांना ह्यांनी फोनवर तोच शब्द सांगितला तर त्या फोनवरच रडायला लागल्या. आपल्याकडे हार्ट फेल झालं म्हणजे माणूस गेला, दुसरा अर्थच नाही त्या शब्दाला. पण डॉक्टरांनी (मराठीच आहेत, आईंना आजी म्हणून छान बोलतात) आम्हाला बसवून समजावलं की हार्ट बंद पडलेलं नाहीये, शरीराला लागतं तेवढं रक्त नीट पुढे ढकलणं किंवा आत भरून घेणं त्याला जमत नाहीये म्हणून मागे पाणी तुंबतं. मी तोपर्यंत टूडी इकोच्या (हार्टच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर ईएफ ६० टक्के बघून म्हणत होते की हे तर नॉर्मल आहे मग फेल्युअर कसलं. ते म्हणाले इथेच सगळे फसतात. ईएफ म्हणजे भरलेल्या रक्तातलं किती टक्के हार्ट बाहेर टाकतं ते, ५० च्या वर असलं की आकडा चांगला, पण आजींचं हार्ट जाड आणि कडक झालंय, ते आकुंचन पावतं पण सैल पडत नाही, त्यामुळे मुळात भरतानाच त्रास. कोऱ्या फुग्यात पहिली फुंकर मारताना कसा जोर लागतो, तसं. मग भरायला दाब जास्त लागतो आणि तो दाब मागे फुफ्फुसात जातो. ईएफ चांगला असूनही फेल्युअर असणं म्हातारपणात, त्यातून बायकांमध्ये आणि जुनं बीपी-शुगर असणाऱ्यांमध्ये खूप दिसतं.

मग मी विचारलं हार्ट कडक का झालं, तर त्यांनी हार्टबद्दल न बोलता नळ्यांबद्दल सांगायला सुरुवात केली. मी शाळेत सायन्स शिकवते, तरी ही गोष्ट अशी कधी डोक्यात आली नव्हती. हार्टमधून निघणारी मोठी नळी, महाधमनी, ती तरुणपणी इलॅस्टिकसारखी असते, प्रत्येक ठोक्याला फुगते, थोडं रक्त स्वतःत धरून ठेवते आणि हार्ट दम घेत असतं तेव्हा आवळून ते पुढे सोडते. हा ताणला जाणारा पदार्थ, इलॅस्टिन, शरीर बहुतेक लहानपणीच तयार करून ठेवतं, पुढे नवीन जवळजवळ बनतच नाही. दिवसाला लाखभर ठोके, सत्तर-पंच्याहत्तर वर्षं, जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकचं होतं तेच, धागे तुटतात, त्यांच्या जागी कडक कोलॅजन येतं, कॅल्शियम बसतं. बीपी आणि शुगर असली की हे लवकर होतं. मग नळी फुगत नाही, हार्टला प्रत्येक ठोका कडक पाइपात मारावा लागतो आणि वर्षानुवर्षं असा जोर काढून त्याची भिंत जाड होते.

आईंचं बीपी नेहमी १६८/५८, १७०/६० असं यायचं आणि आम्ही म्हणायचो वरचं जरा जास्त आहे पण खालचं किती छान आहे. डॉक्टरांनी दोन आकड्यांमधल्या फरकाला गोल केला, ११०. म्हणाले हा फरक ६० च्या वर गेला की समजायचं नळ्या कडक झाल्यात, वरचा वाढतो कारण नळी फुगत नाही आणि खालचा पडतो कारण आवळून पुढे ढकलायला नळीत जीवच उरलेला नसतो. आणि हार्टला स्वतःला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधे, खालच्या दाबावर, म्हणजे काम वाढलं आणि हार्टचं स्वतःचं जेवण कमी झालं. ज्याला आम्ही इतकी वर्षं छान म्हणत होतो ते हे होतं.

तर काटा.

पहिला काटा भाच्याने ऑनलाइन मागवून दिला, काचेचा, स्मार्ट, मोबाइलला जोडायचा, चरबी किती हाडं किती पाणी किती असं चौदा प्रकारचं दाखवणारा. पोरगं प्रेमाने घेऊन आलं पण तो काटा ह्या कामाचा नाही आणि का नाही ते नीट सांगते. एक म्हणजे काच गुळगुळीत, आईंचे पाय सकाळी थंड, पावलांना संवेदना कमी (शुगरमुळे), चढताना एकदा पाय सरकला आणि मी धरलं नसतं तर कंबरच गेली असती. दुसरं, आकडे पायाच्या अंगठ्यापाशी, बारीक, वाकून बघावं लागतं आणि वाकलं की चक्कर. तिसरं, ते चरबीबिरबी मोजायला काटा तळपायातून बारीक करंट सोडतो, त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की पेसमेकर असेल तर वापरू नका. आईंना पेसमेकर नाही पण आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना आहे आणि ते सहज माझंही बघ गं म्हणून येऊन उभे राहायला लागले होते.

पण सगळ्यात वाईट चौथं. आठ दिवस रोज ६८.८ येत होतं. सलग. आम्ही खूष. दहावीतल्या मुलाला शंका आली, तो आजीच्या हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली देऊन म्हणाला पुन्हा उभी राहा. ६८.८. मग दोन लिटरची बाटली दिली तेव्हा कुठे ७०.८. म्हणजे काट्यात आधीचं वजन लक्षात ठेवायची सोय होती, थोडाच फरक असेल तर नवीन मोजायच्या ऐवजी जुनाच आकडा दाखवायचा, म्हणजे माणसाला वाटावं काटा किती पक्का आहे. डाएट करणाऱ्याला चालेल ते. आपल्याला तर तोच अर्धा किलो पकडायचाय! परत पाठवला, पैसे मिळाले, तक्रार नाही, पण कुठलाही काटा घ्याल तर घरी आणल्या आणल्या ही बाटलीची परीक्षा करा. आधी नुसते उभे राहा, मग पुन्हा अर्धा लिटर पाणी हातात घेऊन. अर्धा किलो वाढलं नाही तर तो काटा ठेवू नका.

दुसरा काटा मग दुकानात जाऊन, बाटली सोबत घेऊन घेतला. दुकानदाराने आधी आश्चर्याने बघितलं, मग कारण सांगितल्यावर स्वतःच चार काटे काढून फरशीवर मांडले आणि दोन त्यांनीच बाद केले. जो घेतला तो रुंद आहे, दोन्ही पाय अंतर ठेवून मावतात, वर खडबडीत रबर, जमिनीपासून उंची अडीच-तीन बोटं, आकडे मोठे आणि मागून उजेड असलेले, आई उभ्या उभ्या वाचतात. १०० ग्रॅमचा फरक दाखवतो. अॅप नाही, चरबी नाही, काही नाही. बॅटऱ्या रिमोटला लागतात त्याच बारीक, मे महिन्यात एकदा बदलल्या.

ठेवायचा कुठे हे पण महत्त्वाचं आहे बरं का. काट्याच्या चार पायांत चार सेन्सर असतात, सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर ठेवला की काहीही दाखवतो, सपाट फरशीच पाहिजे. आमच्याकडे बाथरूमच्या बाहेर भिंतीला एक स्टीलचा दांडा ठोकून घेतलाय, आई तो धरून चढतात, मग हात सोडतात, तीन सेकंद, मग पुन्हा धरतात. हात धरूनच वजन केलं तर कमी दाखवतो. काटा उचलून जागा बदलली की पहिलं वजन सोडून द्यायचं, पुन्हा करायचं. सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत. हॉस्पिटलचा काटा आणि घरचा काटा यात आमच्याकडे ३०० ग्रॅमचा फरक निघाला, तर डॉक्टर म्हणाले घरच्याच काट्याचा आकडा धरा आणि तेच तुमचं कोरडं वजन (अंगात जादा पाणी नसतानाचं), आमचं ठरलं ६८.९. एका दिवसात किलोच्या वर किंवा तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर त्रास असो नसो फोन करायचा, वाट बघायची नाही. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या, प्रत्येकाचा वेगळा असू शकतो.

लिहायचं कुठे म्हणून आम्ही कालनिर्णयच्या चौकोनातच लिहायला लागलो, स्वैपाकघरात लटकलेलं असतंच, पेन दोऱ्याने बांधलाय. आणि त्यातूनच एक गोष्ट लक्षात आली जी डॉक्टरांनाही सांगितल्यावर पटली. फेब्रुवारीत एके दिवशी पोळ्या लाटता लाटता माझी नजर गेली तर ज्या ज्या चौकोनात एकादशी आहे त्याच्या दुसऱ्या दिवशी वजन वाढलेलं, ६०० ग्रॅम, ७०० ग्रॅम, एकदा ८००. चतुर्थीनंतर पण तसंच. उपवासाच्या दिवशी उलट कमी व्हायला पाहिजे ना? मग बसून विचार केला काय काय खाल्लं. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा चिवडा, तळलेले पापड, वर ताक मीठ घालून. आणि मीठ कुठलं तर सैंधव, उपवासाचं म्हणून हात सैल. सैंधव मीठ पण मीठच असतं, सोडियमच, रंग गुलाबी असला तरी. आई इतकी वर्षं समजत होत्या की हे मीठ बीपीला चालतं, शेजारच्या दोघी-तिघी अजून तेच समजतात.

मग मीठ शोधायचीच सवय लागली. डाएटच्या कागदावर लिहिलं होतं लोणचं पापड बंद, ते आम्ही केलंच होतं. पण आपल्या इंदूरात मीठ लोणच्यातून थोडंच जातं पोटात! सकाळी पोहे, त्यावर शेव, त्यावर जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला), आणि जिरावणात काळं मीठ साधं मीठ दोन्ही. वरणावर शेव, भाजीत शेव, शेवेचीच भाजी, थंडीत गराडू (तळलेला कंद) तर जिरावणाशिवाय होतच नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे सगळ्यांतून मिळून एक लहान चमचा. मी आईंचं दिवसाचं मीठ सकाळी एका झाकणाच्या डबीत काढून ठेवायला लागले, तिच्यातूनच त्यांच्या वाटणीचं वरण-भाजी, संपलं की संपलं. पोह्यांवर आता लिंबू, कोथिंबीर, ओलं खोबरं, भाजलेले शेंगदाणे. पहिले पंधरा दिवस आई जेवताना गप्प असायच्या. मग एकदा बाहेरची कचोरी आली, एक घास खाऊन म्हणाल्या, "अगं, ही केवढी खारट आहे!" तीच कचोरी, तेच दुकान, चाळीस वर्षांपासूनचं.

नणंदेने मधे लो सोडियम मीठ आणलं, पाकीट हातात देत म्हणाली वहिनी हे चालतं. मी बाईसाहेबांना थांबवून आधी डॉक्टरांना फोटो पाठवला. त्यांनी लगेच नको म्हणून सांगितलं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि आईंना ज्या गोळ्या आहेत त्यातल्या एकीने, स्पायरोनोलॅक्टोनने, पोटॅशियम आधीच वाढतं, किडनी वयामुळे थोडी मंद, पोटॅशियम फार वाढलं तर ठोके बिघडू शकतात. निरोगी माणसाला ते मीठ चांगलं असेल, पण ह्या पेशंटला विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका.

आता काट्याने खरोखर वाचवलं ते गणपतीत. पाचव्या दिवसापर्यंत ६९.१, ६९.० असं छान चाललेलं, मग ६९.९, ७०.६, ७१.२. आई एकदम ठणठणीत, आरतीला उभ्या राहत होत्या, पायावर दाबून बघितलं तर खड्डा पण नाही. ह्यांचं म्हणणं प्रसादाने थोडं वाढलं असेल, विसर्जन झालं की बघू. मी फोन केला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गुडघ्यासाठी काही घेतलंय का?" मी नाही म्हणाले, आणि आई मागून हळूच म्हणाल्या की शेजारच्या वहिनींनी चार गोळ्या दिल्या होत्या, त्यांच्या गुडघ्याला फार गुण आला म्हणून. डायक्लोफेनॅक निघाली, पेनकिलरच. ह्या गोळ्यांनी किडनी मीठ-पाणी धरून ठेवते आणि लघवीच्या गोळीचा असर पण कमी होतो, दिवाळीला पण हेच झालं होतं, फक्त तेव्हा कुणी विचारलं नव्हतं आणि आम्हाला माहीत नव्हतं. गोळी बंद, लघवीची गोळी तीन दिवस डॉक्टरांनी सांगितली तशी वाढवली, चौथ्या दिवशी ६९.३. हॉस्पिटल नाही, इंजेक्शन नाही, अनंत चतुर्दशीला आई गच्चीत बसून मिरवणुकीचे ढोल ऐकत होत्या. मी त्या दिवशी कालनिर्णयच्या चौकोनाला हात लावला, खरंच सांगते.

उलटीकडूनही काटा बोलतो. जूनमध्ये जुलाब झाले दोन दिवस, वजन ६७.४ वर आलं आणि आम्हाला वाटलं बरंच झालं हलकं झालं. पण उठताना डोळ्यापुढे अंधारी. बसून बीपी १३४, उभं राहून दोन मिनिटांनी १०८. डॉक्टरांनी लघवीची गोळी आणि शुगरवाली डापाग्लिफ्लोझिनची गोळी दोन्ही पोट सुधारेपर्यंत थांबवल्या. कोरड्या वजनापेक्षा खाली गेलं तरी फोन करायचा हे मला तेव्हा कळलं.

ह्या गोळीबद्दल जाता जाता, कारण पुष्कळ लोक विचारतात की शुगर ताब्यात आहे मग ही का. डापाग्लिफ्लोझिन आली शुगरसाठीच, लघवीतून साखर बाहेर टाकते, पण नंतर मोठ्या अभ्यासांत दिसलं की हार्ट फेल्युअरमध्ये भरती व्हायची वेळ कमी येते, आणि २०२१-२२ मध्ये ह्याच गटातल्या औषधांचं ईएफ चांगला असणाऱ्यांमध्येही तसंच दिसलं, ज्यांच्यासाठी त्याआधी फारसं औषधच नव्हतं. आपल्याकडे २०२० मध्ये पेटंट संपल्यावर बऱ्याच कंपन्यांनी काढली म्हणून परवडते. साखर लघवीतून जाते त्यामुळे खालची स्वच्छता जपावी लागते, खाज आली तर लाजायचं नाही, लगेच सांगायचं.

बीपीचं मशीन आमच्याकडे आधीपासून होतं, तेही दोन ओळीत सांगते. मशीन चांगलं होतं, पट्टा चुकीचा होता. सोबत आलेला पट्टा दंडाचा घेर २२ ते ३२ सेंटीमीटर असणाऱ्यांसाठी, आईंचा दंड टेपने मोजला तर ३४, आणि लहान पट्ट्याने बीपी खोटंच जास्त दाखवतं. मोठा पट्टा वेगळा घेतला, वरचा आकडा आठ-दहाने खाली आला. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, पाय जमिनीवर, मांडी घालून नाही, हात उशीवर हार्टच्या पातळीला, बोलायचं नाही, एक मिनिटाच्या अंतराने दोनदा. मनगटावरचं मशीन मात्र घेऊ नका. आता वरचं १३० च्या आसपास राहतं, फरक अजून ७० च्या वर आहेच, कडक झालेली नळी पुन्हा तरुण होत नाही, पण तिच्यावरचा मार कमी करता येतो असं डॉक्टर म्हणतात. त्यासाठी गोळ्या वेळेवर आणि चालणं. नळीचं आतलं अस्तर रक्त सळसळून वाहिलं की नायट्रिक ऑक्साइड सोडतं, त्याने नळी सैलावते, ह्याच शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं, मी मुलांना शिकवलंय कितीदा. आई आता रोज संध्याकाळी कॉलनीच्या बागेत, बाकावर थांबत थांबत, आधी एक फेरी व्हायची, आता चार होतात.

भाच्याने अजून एक आणलं होतं, सुजेसाठी घट्ट मोजे. ते पण घालायच्या आधी विचारलं म्हणून बरं झालं. डॉक्टरांनी आधी घोट्याचं बीपी घेऊन दंडाच्या बीपीशी भागाकार केला, ०.९ च्या खाली आलं तर पायाच्या नळ्यांत अडथळा असतो आणि अशा पायाला घट्ट मोजे घातले तर आहे तेवढं रक्तही कमी पोचू शकतं, जखम होऊ शकते. आईंचं एका पायाचं ०.८२ निघालं. मोजे तसेच पाकिटात आहेत. चालताना डावी पोटरी दुखते असं त्या वर्षभर सांगत होत्या, आम्ही ते गुडघ्यात जमा केलं होतं.

काट्याच्या त्रुटी पण सांगते. उजेड पाच-सहा सेकंदात विझतो, आईंना चष्मा घालेपर्यंत पुष्कळदा विझलेला असतो, मग पुन्हा उतरून चढावं लागतं. बॅटरी उतरायला लागली की आधी सांगत नाही, एकदम आकडा उड्या मारायला लागतो, मे महिन्यात एका सकाळी ७४ दाखवलं आणि माझे हातपाय गार पडले. आता दर महिन्याच्या एक तारखेला पाच किलोची आट्याची बंद पिशवी ठेवून तपासते. रबर धुतल्यावर वाळायला वेळ लागतो. आवाज नाही, बोलून आकडा सांगणारे काटे मिळतात म्हणे, ज्यांना दिसत नाही त्यांना ते बरे पडतील. पाचातले साडेचार देईन.

आज सकाळी ६९.०. हल्ली आई स्वतःच लिहितात, आकडे थोडे थरथरीत येतात.

एक मदत हवी आहे. ग्वाल्हेरच्या आत्यांनाही आता हेच निदान झालंय, ८३ वर्षांच्या आहेत आणि आधाराशिवाय तीन सेकंदही उभ्या राहू शकत नाहीत. खुर्चीवर बसून वजन होतं तसला काटा घरगुती वापरासाठी कुणी घेतला असेल, ग्वाल्हेरात किंवा इथे इंदूरात, तर कितीला मिळाला, अर्ध्या लिटरच्या बाटलीला पास झाला का आणि दारातून आत जाईल एवढा रुंद आहे का हे कृपया लिहा, दसऱ्याला आम्ही तिकडे जाणार आहोत तेव्हा सोबत नेता येईल.